दोन वेढे कापले तर?

नागपूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, उमरेडहून पवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर भिवापूर हे तालुक्याचे गाव आहे. येथील लाल मिरची प्रसिद्ध आहे. २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. अशा गावी बाजाराच्या दिवशी शाळेबाहेरच्या रस्त्यावर थोडा वेळ उभे राहिले, तर यंत्रशास्त्राचे एक छोटे प्रदर्शनच समोरून जाते. बैलगाडी, ट्रॅक्टरची ट्रॉली, ट्रक, जुनी मारुती ८००, मोटारसायकल. या प्रत्येक वाहनात चाक आणि वरचा सांगाडा यांना जोडणारी व्यवस्था वेगळी असते. तिच्यातील एका भागावर अलीकडे सगळीकडेच हौशी तरुणांची नजर गेली आहे. तो भाग म्हणजे मोटारीची स्प्रिंग.

मोटार जमिनीलगत बसलेली असली की ती शर्यतीच्या मोटारीसारखी दिसते. तशी ती दिसावी यासाठी सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे स्प्रिंग काढून तिचे एक-दोन वेढे कापून टाकणे, किंवा गॅसच्या ज्योतीने तापवून ती बसवणे. नवीन काही विकत घ्यावे लागत नाही, काम तासा-दोन तासांत होते आणि गाडी लगेच खाली आलेली दिसते. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांत हा विषय निघाला, तर ‘असे करू नये’ एवढे सांगून त्यांचे समाधान होत नाही आणि होऊही नये. त्यांच्या पाठ्यपुस्तकातील हूकचा नियम आणि साधा गुणाकार-भागाकार एवढ्या सामग्रीवर या प्रश्नाचे उत्तर मिळते. ते कसे, ते पाहू या.

स्प्रिंग नेमके काय करते?

बैलगाडीच्या आसावर साटा थेट टेकलेला असतो. चाक दगडावर चार सेंटिमीटर चढले की आसाचे ते टोकही तेवढेच वर जाते आणि बसणाऱ्याला धक्का बसतो. टांग्याला आणि ट्रकला पोलादी पाट्यांच्या कमानी असतात. चाक वर उचलले गेले की कमान वाकते आणि सांगाडा जवळजवळ जागच्या जागी राहतो. मोटारीत बहुधा याच कामासाठी जाड तारेची वेढ्यांची स्प्रिंग वापरतात.

स्प्रिंगबरोबर आणखी दोन सोबती असतात. पहिला शॉकअब्सॉर्बर. त्याचे नाव थोडे फसवे आहे. धक्का मुख्यतः स्प्रिंग झेलते. तेलाने भरलेला हा दट्ट्या स्प्रिंगचे नंतरचे हेलकावे शमवतो. चाक खाली किती लोंबकळू शकेल याची मर्यादाही बऱ्याच गाड्यांत तोच ठरवतो. दुसरा सोबती म्हणजे रबराचा गट्टू. चाक फारच वर आले तर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून तो बसवलेला असतो. नेहमीच्या प्रवासात चाक त्याच्यापर्यंत क्वचितच पोचावे अशी गाडीची रचना असते.

म्हणजे चाकाला वर-खाली हलायला एक ठरावीक मोकळी जागा दिलेली असते. वरच्या बाजूला ती रबरी गट्टूपाशी संपते, खालच्या बाजूला शॉकअब्सॉर्बरच्या लांबीपाशी. या दोन्ही हद्दी स्प्रिंग कापल्याने बदलत नाहीत. पुढचे सारे विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे.

अर्धी स्प्रिंग दुप्पट कडक

रॉबर्ट हूकने आपला नियम १६७६ मध्ये अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात जाहीर केला आणि १६७८ मध्ये त्याची उकल प्रसिद्ध केली. नियमाचा आशय असा, की लवचीकतेच्या मर्यादेत स्प्रिंगची लांबी जेवढी बदलते त्याच प्रमाणात बल लागते. एक मिलिमीटर दाबायला जेवढे बल लागते, तो त्या स्प्रिंगचा स्थिरांक.

आता प्रश्न असा, की स्प्रिंग कापून अर्धी केली तर तिचा स्थिरांक किती होईल? वर्गात विचारून पाहा. ‘अर्धा’ हे उत्तर हमखास येते, कारण छोटी वस्तू दुबळी असा आपला समज असतो. खरे उत्तर ‘दुप्पट’ आहे.

ते तपासायला स्प्रिंग कापायचीही गरज नाही. प्रयोगशाळेतील लांब स्प्रिंग स्टँडला टांगा. खालच्या टोकाला २०० ग्रॅम वजन लावून ती किती ताणली गेली ते मोजा. मग वजन काढून तेच वजन बरोबर मधल्या वेढ्याला अडकवा आणि त्या वेढ्याचे सरकणे मोजा. ते सुमारे निम्मे भरेल. तेवढ्याच वजनाला निम्मा ताण, म्हणजे दुप्पट कडकपणा. एक चतुर्थांश, तीन चतुर्थांश वेढ्यांवर वजन अडकवून मिळणारे आकडे आलेखावर मांडले, तर एक सरळ रेषा मिळते.

याचे कारण स्प्रिंगच्या रचनेत आहे. वेढ्यांची स्प्रिंग म्हणजे गुंडाळून ठेवलेली एक लांब सळई. स्प्रिंग दाबली की तार मुख्यतः पिळली जाते. वरचा भार प्रत्येक वेढ्याला पूर्णच पेलावा लागतो. तो वेढ्यांत वाटला जात नाही. वाटले जाते ते दबणे. आठ वेढे प्रत्येकी साडेबारा मिलिमीटर दबले तर स्प्रिंग १०० मिलिमीटर दबते. वेढे सातच राहिले तर त्याच भाराखाली प्रत्येक वेढा तेवढाच दबेल, पण एकूण दबणे ८७.५ मिलिमीटर होईल. म्हणून स्प्रिंगचा स्थिरांक वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. तारेच्या जाडीचा परिणाम तर याहून तीव्र आहे. स्थिरांक जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. १२ मिलिमीटरची तार गंजून ११ मिलिमीटरची झाली, तर कडकपणा सुमारे ३० टक्क्यांनी उतरतो.

एका चाकाचा हिशेब

आता एक उदाहरण घेऊ. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी निवडले आहेत, पण ते छोट्या मोटारीला शोभतील असे आहेत. स्प्रिंग चाकावर सरळ उभी आहे असे धरू.

एका चाकावरचा भार २०० किलो. स्प्रिंगचे काम करणारे वेढे ८, भार नसतानाची लांबी ३०० मिमी, स्थिरांक दर मिलिमीटरला २ किलो. भाराखाली ती १०० मिमी दबेल आणि २०० मिमी उंच राहील. या स्थितीत रबरी गट्टूपर्यंत ६० मिमी जागा आहे आणि खाली लोंबकळायलाही ६० मिमी जागा आहे, असे समजू.

एक वेढा कापला, तर मोकळी लांबी २६२.५ मिमी, स्थिरांक २.२९ आणि भाराखालची उंची १७५ मिमी होते. दोन वेढे कापले, तर मोकळी लांबी २२५ मिमी, स्थिरांक २.६७ आणि भाराखालची उंची १५० मिमी. म्हणजे गाडी अनुक्रमे २५ आणि ५० मिमी खाली येते. येथवर हौशी माणसाला हवे तेच झाले. स्प्रिंग थोडी कडकही झाली. ‘कडक झाली म्हणजे आता ती गट्टूवर आपटणार नाही,’ असा युक्तिवाद येथे हमखास केला जातो. तो खरा आहे का?

गट्टूपर्यंतची जागा पूर्वी ६० मिमी होती. ती आता अनुक्रमे ३५ आणि १० मिमी उरली. उभ्या गाडीच्या स्थितीपासून गट्टूपर्यंत दबताना स्प्रिंग किती ऊर्जा झेलू शकते, ते ‘अर्धा × स्थिरांक × अंतराचा वर्ग’ या सूत्राने काढू.

मूळ स्प्रिंग: ½ × २ × ६०² = ३,६०० किलो-मिमी
एक वेढा कापल्यावर: ½ × २.२९ × ३५² = सुमारे १,४००
दोन वेढे कापल्यावर: ½ × २.६७ × १०² = सुमारे १३३

कडकपणा एक तृतीयांशाने वाढला, पण धक्का झेलण्याची ताकद २७ पटींनी घटली. कारण कडकपणा सूत्रात एकदाच येतो, अंतर मात्र दोनदा येते. १० मिलिमीटरच्या जागेत मूळ ३,६०० किलो-मिमी ऊर्जा झेलायची असेल, तर स्थिरांक २ ऐवजी ७२ हवा. म्हणजे छत्तीस पट. एवढी कडक स्प्रिंग असणे आणि स्प्रिंग नसणे यांत बसणाऱ्याला फरक कळणार नाही. गाडी खाली आली ती चाकाला हलायला दिलेली जागा खर्च करून. ती जागा कडकपणाने भरून निघत नाही.

आता गाडीत चार माणसे बसू द्या. प्रत्येक चाकावर ५० किलो भार वाढला असे धरू. मूळ स्प्रिंग आणखी २५ मिमी दबेल. गट्टूपर्यंत ३५ मिमी उरतील. एक वेढा कापलेली स्प्रिंग २२ मिमी दबेल. १३ मिमी उरतील. दोन वेढे कापलेली स्प्रिंग १९ मिमी दबायला पाहिजे, पण जागाच १० मिमी आहे. म्हणजे गाडी सुरू होण्याआधीच गट्टूवर टेकली. यापुढे प्रत्येक खड्ड्याचा धक्का रबरातून थेट सांगाड्यात जाणार. स्प्रिंगच्या वरच्या टोकाजवळचा पत्रा तडकणे, जोड सैल होणे आणि बसणाऱ्यांच्या पाठीला दणके बसणे हे त्याचे परिणाम. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे टायर खडबडीत रस्त्यावरून उड्या मारू लागतो. जो टायर रस्त्याला टेकलेला नाही, त्याला ब्रेकही लागत नाही आणि स्टिअरिंगही वळवू शकत नाही.

लोंबकळणारे चाक

वरच्या हद्दीचे पाहिले, आता खालच्या हद्दीचे पाहू. गाडी उंचवट्यावरून वेगात गेली की चाक क्षणभर लोंबकळते. आपल्या उदाहरणात त्या वेळी स्प्रिंगच्या दोन बैठकींमधले अंतर २०० + ६० = २६० मिमी होते. मूळ स्प्रिंगची मोकळी लांबी ३०० मिमी असल्याने तेव्हाही ती ४० मिमी दबलेलीच राहते. ८० किलो बलाने ती बैठकीत घट्ट बसलेली असते.

एक वेढा कापलेली स्प्रिंग २६२.५ मिमी लांब आहे. म्हणजे जेमतेम अडीच मिलिमीटरची पकड उरली. दोन वेढे कापलेली २२५ मिमीची स्प्रिंग २६० मिमीच्या जागेत ३५ मिमी सैल होते. ती फिरते, कलते, आणि चाक पुन्हा खाली टेकताना वाकडी बसू शकते. हे वळणावर घडले तर गाडी एकाएकी एका बाजूला ओढली जाते. शिवाय कारखान्यात अनेक स्प्रिंगांचे शेवटचे वेढे बैठकीला साजेसे वळवलेले असतात. कापताना नेमके तेच टोक जाते आणि तारेचे उघडे टोक एका बिंदूवर टेकते.

स्प्रिंग काढण्याच्या कामातही धोका आहे. गाडी जॅकवर उचलून चाक लोंबते ठेवले, तरी मूळ स्प्रिंगमध्ये आपल्या उदाहरणाप्रमाणे ८० किलोचे बल दडलेले असते. योग्य शिकंजा न लावता वरचा नट सोडला, तर ती बंदुकीसारखी सुटते.

तापवलेली स्प्रिंग

दुसरा स्वस्त उपाय तापवण्याचा. लाल होईपर्यंत तापवली की स्प्रिंग गाडीच्या वजनानेच बसते. त्यामुळे ती ‘मऊ’ झाली, असे म्हणतात. येथे मऊ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे करणे आवश्यक आहे.

पोलाद कडक केलेले असो वा नरम केलेले, लवचीकतेच्या मर्यादेत त्याचा ताठपणा जवळजवळ सारखाच असतो. उष्णतेने बदलते ती मर्यादा. स्प्रिंगचे पोलाद सुमारे ८५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून तेलात बुडवतात आणि पुन्हा सुमारे ४०० ते ५०० अंशांना तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. शेवटी त्यावर बारीक पोलादी छर्ऱ्यांचा मारा करून पृष्ठभाग दाबून घेतात, म्हणजे लाखो वेळा दबल्यावरही त्याला तडा जाऊ नये. गॅसची ज्योत ही सारी मेहनत एका मिनिटात पुसून टाकते, तीही ठिकठिकाणी कमीजास्त. पहिल्या दिवशी स्प्रिंग ठीक वाटते. मग प्रत्येक खड्ड्यागणिक थोडी थोडी कायमची बसत जाते. डावी-उजवी बाजू सारखी राहत नाही. तापलेल्या भागावर कोणी पाणी ओतले, तर तेथे ती काचेसारखी ठिसूळ होऊन तुटू शकते.

शिवणकामाच्या तीन सुयांनी हे वर्गात दाखवता येते. एक सुई तशीच ठेवा. दुसरी चिमट्यात धरून ज्योतीत लाल करा आणि हवेत सावकाश थंड होऊ द्या. तिसरी लाल करून लगेच पाण्यात बुडवा. मग पकडीने धरून तिन्ही वाकवून पाहा. दुसरी वाकते आणि वाकलेलीच राहते. तिसरी कट्कन मोडते. (तुकडा उडतो. सुई फडक्यात गुंडाळूनच वाकवावी आणि डोळ्यांवर चष्मा असावा.) गावातला लोहार ट्रकच्या जुन्या पाट्यापासून विळा किंवा कुऱ्हाड घडवतो, तेव्हा तापवून, ठोकून शेवटी तो धारेला पाणी देतो. पाट्याचा पाटेपणा गेला आणि आता नवा गुण द्यायला हवा, हे त्याला पक्के ठाऊक असते.

गतिरोधकाची भूमिती

गाडीच्या पोटाखाली किती जागा हवी, हा प्रश्न भूमितीचा आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेत गतिरोधकाचा आकार दिलेला आहे. १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा, रस्त्याच्या दिशेने लांबी ३.७ मीटर, मधली उंची १० सेंटिमीटर. ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने ओलांडण्यासाठी. हे आकडे एकमेकांशी जुळतात का? चपट्या कंसाची उंची = जीवेचा वर्ग ÷ (८ × त्रिज्या). ३.७ चा वर्ग १३.६९, त्याला १३६ ने भागले की ०.१००७ मीटर. जुळतात.

मारुती ८०० च्या पुढच्या-मागच्या आसांतील अंतर २.१७५ मीटर आहे. दोन्ही चाके अशा गतिरोधकावर असताना त्यांच्या मध्ये रस्ता किती फुगलेला असेल? २.१७५ चा वर्ग ÷ १३६ = ०.०३५ मीटर, म्हणजे अवघे ३५ मिलिमीटर. या गाडीच्या पोटाखाली सुमारे १७० मिमी जागा असते. दोन वेढे कापून ५० मिमी गेली, तरी १२० उरतात. प्रमाणित गतिरोधकावर काहीच बिघडत नाही.

पण गावोगावचे गतिरोधक असे असतात का? समजा, मुरूम-डांबराचा उंचवटा ६० सेंटिमीटर रुंद आणि १३ सेंटिमीटर उंच आहे. तो दोन चाकांच्या मध्ये पूर्ण मावतो, म्हणून त्याची पूर्ण उंची पोटाखालून जायला हवी. १३० मिमीचा उंचवटा आणि १२० मिमीची जागा. त्यातून गाडीत माणसे असली की आणखी कमी. इंजिनच्या तळाशी असलेले तेलाचे भांडे आपटून फुटले, तर तेल वाहून जाऊन इंजिन जाम होते.

काळ्या मातीतल्या पांदणीवर तर गतिरोधकाचीही गरज नाही. ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांच्या चाकांनी चाकोऱ्या खोल होतात आणि मधली माती उंच राहते. पावसाळ्यानंतर ती वाळून दगडासारखी होते. चाकोरीतून जाणाऱ्या मोटारीच्या पोटाला ही माती सलग घासत राहते. आपल्याकडच्या गाड्यांना पोटाखाली भरपूर जागा ठेवतात ती उगाच नाही.

मग शर्यतीच्या मोटारी?

शर्यतीच्या मोटारी जमिनीलगत असतात याला कारण आहे. गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर गाडी कलंडण्याचा धोका कमी होतो. चाकांमधले आडवे अंतर १.२ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ०.५५ मीटर असेल, तर कलंडण्यासाठी गुरुत्वत्वरणाच्या सुमारे १.०९ पट आडवे त्वरण लागते, उंची ०.५० केली तर १.२ पट. फायदा खरा आहे. पण ग्रेटर नॉयडाच्या ज्या धावपट्टीवर २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वन शर्यती झाल्या, तसा सपाट रस्ता त्या मोटारींना मिळतो. त्यांची स्प्रिंग, शॉकअब्सॉर्बर, गट्टू आणि चाकांचे कोन हे सारे एकत्र आखलेले असते. वेढे कापलेल्या गाडीत एकच भाग बदलतो आणि बाकीचे जुन्या हिशेबावर चालत राहतात.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या गाड्या जमिनीलगत आणण्याची एक कलाच केली. आरंभी ते डिकीत वाळूची पोती ठेवत किंवा स्प्रिंगचे वेढे कापत. चाकांच्या लोखंडी कड्याच्या खाली गाडीचा भाग येऊ नये असा कायदा तेथे १९५८ च्या सुमारास आला. मग १९५९ मध्ये रॉन अगिरे याने तेलाच्या दाबावर वर-खाली होणारी योजना गाडीत बसवली. प्रदर्शनात खाली, रस्त्यावर वर. गमावलेली जागा हवी तेव्हा परत मिळवल्याशिवाय रस्त्यावर चालवता येत नाही, हे त्यांच्याही लक्षात आले होते.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरफार करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार कायद्यात न बसणारा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकतात.

वर्गासाठी

विद्यार्थ्यांना पुढील उदाहरणे सोडवायला द्यावीत. (१) वरच्या स्प्रिंगचे तीन वेढे कापले तर गाडी किती खाली येईल आणि गट्टूचे काय होईल? (२) अडीच मीटर अंतराचे आस असलेल्या मोटारीला प्रमाणित गतिरोधकावर पोटाखाली किमान किती जागा हवी? (३) शाळेजवळच्या गतिरोधकाची लांबी आणि मधली उंची दोरी व पट्टीने मोजा. त्याची त्रिज्या काढा आणि ती १७ मीटरशी ताडून पाहा. मोजमाप शिक्षकांच्या देखरेखीखाली, रहदारी नसताना करावे.

पहिल्या उदाहरणाचे उत्तर ७५ मिलिमीटर येते आणि गट्टूपर्यंतची जागा तर ६०च आहे. म्हणजे कागदावरची गाडी प्रत्यक्षात तेवढी खाली येऊच शकत नाही. ती रिकामी असतानाच गट्टूवर बसते. हे उत्तर विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने काढले, की कापण्याचे यंत्र हाती घेण्याआधी तो एकदा तरी पेन्सिल हाती घेईल.